मुलांचा ऑनलाइन छळ: फोनवरचे ॲप काय पकडते आणि काय पकडू शकत नाही

दोन प्रश्न एकत्र आले आहेत. पहिला नववीतल्या एका मुलीच्या आईचा आहे. मुलगी गेल्या काही आठवड्यांपासून गप्प असते, फोन वाजला की दचकते, आणि वर्गातल्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिला कोणी त्रास देत असावे असा आईला संशय आहे. तिला न कळता तिच्या फोनवर कोणते ॲप टाकावे, असे त्या विचारतात. दुसरा प्रश्न एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचा आहे. असा छळ आपोआप ओळखणारे एखादे सॉफ्टवेअर शाळेने विकत घ्यावे काय, हे त्यांना हवे आहे. मी शाळांमध्ये समुपदेशनाचे आणि सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणाचे काम बऱ्याच वर्षांपासून करते, आणि हे दोन्ही प्रश्न मला सतत विचारले जातात.

आईंना माझे उत्तर असे की, तिला न कळता टाकायचे कोणतेही ॲप मी सुचवणार नाही. मुख्याध्यापकांना उत्तर असे की, सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी तक्रार कोणाकडे जाईल आणि ती माणसे काय करतील हे ठरवा. मोबाइल या कामात निरुपयोगी आहे असे मात्र मुळीच नाही. छळ शोधून काढण्यापेक्षा तो थोपवणे, त्याचा पुरावा जपणे आणि तक्रार योग्य ठिकाणी पोहोचवणे, यासाठी तो फार उपयोगी पडतो, आणि तोही प्रामुख्याने मुलाच्या स्वतःच्या हातात असताना.

आधी शोधण्याचा भाग पाहू. डॅन ओल्वेउस या नॉर्वेतल्या मानसशास्त्रज्ञांनी शाळेतल्या छळाच्या ज्या तीन खुणा सांगितल्या, त्याच आजही वापरल्या जातात: दुखावण्याचा हेतू, वारंवार होणारे वर्तन आणि दोन्ही बाजूंच्या बळातली तफावत. या तिन्हींपैकी एकही खूण एकट्यादुकट्या मेसेजमध्ये दिसत नाही. ॲप मात्र एकेक मेसेज किंवा एकेक चित्र तपासते. एका वर्गाच्या ग्रुपवर मी पाहिलेला प्रकार सांगते. स्नेहसंमेलनात एका मुलीचा जांभई देतानाचा फोटो कोणीतरी काढला आणि त्याचे स्टिकर बनवले. त्यानंतर ती मुलगी ग्रुपवर काहीही लिहो, गणिताचा स्वाध्याय विचारो की उद्या सुट्टी आहे का असे विचारो, पाच-सहा जण लागोपाठ तेच स्टिकर टाकत. शिवी नाही, धमकी नाही, अश्लील काही नाही. तिने लिहिणे बंद केले तेव्हा ‘आज मॅडम झोपल्या वाटतं’ असा एक मेसेज आला आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मुलांना विचारले तर उत्तर ठरलेले: ‘आम्ही फक्त खेचत होतो.’ कोणत्याही गाळणीला या संभाषणात आक्षेपार्ह काही सापडणार नाही, आणि तरीही ओल्वेउस यांच्या तिन्ही खुणा तिथे पुरेपूर आहेत.

त्यात भाषेची अडचण वेगळी. मराठीतला आक्षेपार्ह मजकूर यंत्राने ओळखावा यासाठी चांगले काम झाले आहे. ‘हासोक’ या संशोधन स्पर्धेत २०२१ साली मराठीचा समावेश झाला, आणि पुण्याच्या एल३क्यूब या गटाने २०२२ मध्ये ‘महाहेट’ हा पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्वीटचा संग्रह द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, शिवराळ आणि निर्दोष अशा चार वर्गांत विभागून खुला केला. परंतु हे ट्वीट आहेत, म्हणजे सार्वजनिक आणि बरेचसे राजकीय लेखन. नववीतली मुले रोमन लिपीत मराठी लिहितात, एकच शब्द तीन-चार प्रकारे लिहितात, त्यात हिंदी आणि गेममधले इंग्रजी शब्द मिसळतात, आणि मास्तरांना कळू नये म्हणून दर काही आठवड्यांनी नवे टोपणनाव शोधतात. शिवाय आपल्याकडे शिवी हा छळाचा भरवशाचा निकष नाही. कोल्हापुरात जिवलग मित्राला हाक मारताना जे शब्द सहज तोंडात येतात ते यंत्राला हादरवून टाकतील, आणि याउलट शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाला ‘सरकारचे जावई’ म्हणणारा मेसेज अगदी सभ्य म्हणून सुटून जाईल. जातीवरून, रंगावरून, वडिलांच्या धंद्यावरून मारलेले टोमणे जवळजवळ नेहमी अशाच सभ्य शब्दांत असतात, आणि माझ्या अनुभवात तेच सर्वांत खोल जखम करतात.

आता प्रत्यक्ष ॲपना फोनमध्ये काय दिसू शकते ते पाहा. आयफोनवर एका ॲपला दुसऱ्या ॲपमधले मेसेज वाचता येत नाहीत. अँड्रॉइडवर नोटिफिकेशन वाचण्याची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी घेऊन काही ॲप पडद्यावरचा मजकूर वाचतात. पण ही परवानगी दिली की त्या ॲपला बँकेचे ओटीपीसुद्धा दिसू शकतात, आणि मुलीचे सगळे खासगी बोलणे कुठल्यातरी अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. गूगलच्या प्ले स्टोअरने २०२० पासून लपून पाळत ठेवणाऱ्या ॲपवर बंदी घातली आहे. मुलांवर देखरेख ठेवणारे ॲप चालते, पण ते चालू असल्याची सूचना फोनवर सतत दिसली पाहिजे. म्हणजे ‘तिला न कळता’ चालणारे ॲप स्टोअरबाहेरून, एखाद्या संशयास्पद संकेतस्थळावरून उतरवावे लागते. गूगलचे स्वतःचे ‘फॅमिली लिंक’ ॲप फोनचा वेळ, ॲपची परवानगी आणि ठिकाण दाखवते, मेसेज दाखवत नाही, आणि ते मला योग्यच वाटते.

छुप्या देखरेखीचा खरा तोटा तांत्रिक नाही. मुलांना ती बहुधा कळतेच, आणि कळल्यावर मुले एखाद्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून दुसरे खाते उघडतात. त्यानंतर घरी येणारा माहितीचा शेवटचा धागाही तुटतो.

फोन मग काहीच सांगत नाही का? थोडे सांगतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ हा भाग आहे. तिथे कोणते ॲप किती वेळ वापरले, दिवसात फोन किती वेळा उघडला आणि कोणत्या ॲपच्या किती नोटिफिकेशन आल्या, हे दिसते. मुलीबरोबर बसून हा पडदा पाहिला तर कधी कधी एक विचित्र आकृती नजरेस पडते: एका रात्री अचानक शेकडो नोटिफिकेशन, आणि नंतर तेच ॲप आठवडाभर जवळजवळ बंद. यावरून निष्कर्ष काढू नये, परीक्षा असेल तरी असे होते. पण ‘त्या शनिवारी रात्री एवढे मेसेज कसले होते गं?’ हा प्रश्न ‘तुला कोणी त्रास देतंय का?’ या प्रश्नापेक्षा पुष्कळ सोपा असतो, कारण त्याचे उत्तर देताना मुलीला स्वतःला पीडित म्हणवून घ्यावे लागत नाही.

त्याआधी एक आश्वासन मात्र द्यावे लागते, आणि ते पाळावे लागते: ‘काहीही निघाले तरी तुझा फोन काढून घेणार नाही.’ मुले सांगत नाहीत याचे मी ऐकलेले सर्वांत नेहमीचे कारण छळणाऱ्यांची भीती नसून, फोन जाईल आणि मैत्रिणींशी असलेला सगळा संबंध संपेल, हे असते.

फोनमध्ये आणि ॲपमध्ये आधीपासून असलेली साधने बहुतेक पालकांनी उघडूनही पाहिलेली नसतात. इन्स्टाग्रामवर २०१९ पासून ‘रिस्ट्रिक्ट’ ही सोय आहे. तिने ज्याला रिस्ट्रिक्ट केले त्याच्या कमेंट फक्त त्यालाच दिसतात, त्याचे मेसेज वेगळ्या कप्प्यात जातात, आणि त्याला याचा पत्ता लागत नाही. वर्गात रोज समोर बसणाऱ्या मुलाला ब्लॉक केले तर दुसऱ्या दिवशी त्यावरूनच नवा तमाशा होतो, म्हणून शाळकरी मुलांसाठी ही सोय ब्लॉकपेक्षा अनेकदा बरी. इन्स्टाग्रामवरच, ठरवलेले शब्द असलेल्या कमेंट आणि मेसेज लपवणाऱ्या ‘हिडन वर्ड्स’मध्ये मुलीने स्वतः शब्द भरावेत, तिला चिडवण्यासाठी वापरले जाणारे टोपणनाव सगळ्या स्पेलिंगांसकट. यंत्राला जे कळत नाही ते तिला कळते, आणि ती यादी तीच करू शकते. व्हॉट्सॲपवर आपल्याला ग्रुपमध्ये कोण टाकू शकेल हे ठरवता येते आणि ग्रुपमधून गाजावाजा न करता बाहेरही पडता येते. फोनमध्येच नग्न चित्र ओळखून ते धूसर करणारी सोय आयफोनमध्ये २०२१ च्या अखेरीपासून आहे. त्यात चित्र फोनबाहेर जात नाही, हे विशेष.

यात एक अडचण आपल्या घरांमध्ये फार आढळते. किशोरांसाठीची संरक्षणे जन्मतारखेवर चालतात. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये आणलेल्या ‘टीन अकाउंट’मध्ये खाते आपोआप खासगी राहते, अनोळखी व्यक्तींना त्या मुलाला मेसेज करता येत नाही आणि सोळा वर्षांखालील मुलांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण खाते वडिलांच्या ईमेलवर, सोयीने घातलेल्या मोठ्या माणसाच्या जन्मतारखेने उघडलेले असेल, तर त्या मुलाला यातले काही मिळत नाही. गावाकडे दिवसभर वडिलांबरोबर शेतावर असणारा आणि रात्री मुलाच्या हाती येणारा एकच फोन असतो, तिथे तर हे नेहमीचेच. खात्यावरची जन्मतारीख खरी आहे का, हे आज संध्याकाळीच पाहावे.

पाठवणाऱ्याला थोपवण्याचीही एक कल्पना आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात राहणाऱ्या त्रिशा प्रभू हिने २०१३ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ‘रीथिंक’ची कल्पना मांडली. दुखावणारा मजकूर पाठवण्याआधी ‘हे खरंच पाठवायचं आहे का?’ असे विचारायचे, एवढेच ते. कल्पना मला आवडते, कारण ती पाळत ठेवत नाही. ठरवून गट करून चालवलेल्या छळापुढे तिचा उपयोग मर्यादित आहे, रागाच्या भरात लिहिणाऱ्यासाठी मात्र तो एक क्षण पुरतो.

मुलीने तोंड उघडले की पुढचा अर्धा तास महत्त्वाचा असतो, आणि इथेच सर्वाधिक नुकसान होते. आई-वडील संतापून ग्रुप डिलीट करतात, नंबर ब्लॉक करतात, समोरच्या पालकांना फोन लावतात, आणि तोवर तिकडे सगळे ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ झालेले असते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज साधारण दोन दिवसांपर्यंत असा पुसता येतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी पुरावा, मग रिपोर्ट, मग ब्लॉक किंवा रिस्ट्रिक्ट, आणि समोरच्या पालकांशी बोलणे शाळेमार्फत. पुरावा घेताना केवळ त्या एका मेसेजचा स्क्रीनशॉट पुरत नाही. ‘चिंट्या’ या सेव्ह केलेल्या नावाने काही सिद्ध होत नाही, त्यावर दाबून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्यावा. ग्रुपची माहिती, ॲडमिन आणि सदस्यांची यादी घ्यावी. इन्स्टाग्रामवर नाव बदलता येते, म्हणून प्रोफाइलची लिंक कॉपी करून तारखेसह लिहून ठेवावी. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून संभाषण सुरुवातीपासून सावकाश सरकवत नेले तर मागचा-पुढचा संदर्भही टिकतो, आणि स्टिकरसारख्या छळात संदर्भ हाच पुरावा असतो. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करावी. रिपोर्ट केल्यावर त्या व्यक्तीचे किंवा ग्रुपचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात. त्या वेळी चॅटही डिलीट करण्याचा पर्याय समोर येतो, त्यावरची खूण आधी काढावी. मूळ फोन रीसेट करू नये किंवा एक्स्चेंजमध्ये देऊ नये, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ उपकरण हाती असेल तर ते काम सोपे होते.

याला एक अपवाद आहे आणि तो शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा. छळ अल्पवयीन मुलाच्या किंवा मुलीच्या नग्न अथवा लैंगिक चित्राचा असेल, ते खरे असो की एआयने बनवलेले, तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नये आणि ते कोणालाही, अगदी मुख्याध्यापकांनाही, फॉरवर्ड करू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचे कलम १५ इथे लागू होतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधल्या निकालात अशा सामग्रीचा साठा करण्याबाबत कडक भूमिका घेतली आहे. ‘बघा आपल्या शाळेत काय चाललंय’ म्हणून स्टाफच्या ग्रुपवर असे चित्र टाकणारे शिक्षक चांगल्या हेतूने स्वतः अडचणीत येतात. लिंक, खात्याचे नाव, वेळ आणि कोणी दाखवले, एवढे कागदावर लिहावे आणि फोन पोलिसांसाठी जसाच्या तसा ठेवावा. अशा चित्रांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेली ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकन संस्थेची मोफत सेवा भारतातूनही वापरता येते. चित्राचा एक अंकीय ठसा फोनमध्येच तयार होतो, फक्त तो ठसा पाठवला जातो, आणि इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या त्याच्याशी जुळणारे चित्र काढतात. व्हॉट्सॲपच्या कूटबद्ध संभाषणांपर्यंत ही सेवा पोहोचत नाही. शिवाय २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार नग्न किंवा बनावट चित्राबद्दल पीडित व्यक्तीने, किंवा तिच्या वतीने पालकांनी, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार केल्यास तातडीने कारवाई करणे कंपनीवर बंधनकारक आहे. मूळ नियमांत ही मुदत चोवीस तासांची होती.

सरकारी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते. महिला आणि बालकांविषयीच्या काही तक्रारी नाव न देताही नोंदवता येतात, पण पाठपुरावा हवा असेल तर नाव देऊनच करावी. १९३० हा क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे. मुलांसाठी १०९८, तातडीच्या प्रसंगी ११२, आणि मुलगी जीव नकोसा झाल्यासारखे बोलत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच रात्री लावावा. अशा वेळी पुरावा, तक्रार सगळे नंतर, तिला एकटे सोडू नये. कायद्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर ‘सायबर बुलिंग’ नावाचा वेगळा गुन्हा आपल्याकडे नाही. बनावट खात्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६क आणि ६६ड, खासगी चित्रासाठी ६६इ, मुलीचा ऑनलाइन पिच्छा पुरवल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७८, धमकीसाठी ३५१, आणि जातिवाचक अपमान असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा पाहावा लागतो. कलम ६६अ दाखवून तक्रार लिहून देणारे अजून भेटतात. ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केले आहे.

मुख्याध्यापकांना आणखी काही सांगायचे आहे. प्रकरण लैंगिक स्वरूपाचे असेल तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे, आणि माहिती असून न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. शाळेचे नाव जाईल म्हणून आपसात मिटवण्याचा पर्याय तिथे उरत नाही. त्याच वेळी छळणारी मुलेही बहुधा अठरा वर्षांखालची असतात, त्यांना बाल न्याय अधिनियम लागू होतो, आणि दोन्ही बाजूंच्या मुलांची ओळख जपावी लागते. नोटीस बोर्डावर नाव लावणे किंवा प्रार्थनेच्या वेळी उभे करणे हे बेकायदाही आहे आणि निरुपयोगीही, कारण पुढचा छळ मग जास्त लपून होतो.

सॉफ्टवेअरच्या पैशांऐवजी शाळेने एक साधा ऑनलाइन तक्रार अर्ज करावा आणि त्याचा क्यूआर कोड वर्गात, ग्रंथालयात आणि मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर लावावा. अर्जात ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद आहे ना, हे स्वतः दुसऱ्या फोनवरून तपासावे. मुले पहिल्याच दिवशी ते तपासतात. अर्ज दोघांनी मिळून उघडावा, त्यातली एक सखी सावित्री समितीवरची, म्हणजे मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या समितीवरची, शिक्षिका असेल तर उत्तम, आणि शनिवार-रविवारी कोण पाहणार हे आधी ठरवावे. पहिल्या महिन्यात ‘कॅन्टीनचा वडा थंड असतो’ अशाच तक्रारी येतील, त्यांनाही उत्तर द्यावे. मुले त्यावरून अंदाज घेत असतात. खरी माहिती बहुतेक वेळा बघ्यांकडून येते. ग्रुपवरच्या चाळीस जणांपैकी छळणारे पाच-सहा असतात, आणि उरलेल्यांपैकी एखाद्याला बोलायचे असते, फक्त आपले नाव बाहेर येणार नाही याची खात्री हवी असते. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातून निघालेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच बघ्यांवर उभा आहे.

तक्रार आल्यावर छळणाऱ्या मुलांना एकत्र बोलावू नये. एकेकाला वेगळे बोलवावे, स्क्रीनशॉट त्याच्यापुढे नाचवू नये, कारण त्यावरून तक्रार कोणी केली हे त्याला लगेच उमगते. त्या स्टिकरच्या प्रकरणात एकेकाला स्वतंत्रपणे एवढेच विचारले की, ‘तिला वर्गात परत नीट बोलता यावे म्हणून तू काय करशील?’ दोघांनी स्टिकर स्वतःहून पुसले, एकाने माफी लिहिली, आणि ज्याने ते बनवले होते त्याच्या पालकांना बोलवावे लागले. अशा प्रत्येक बोलण्याची तारीख, कोण उपस्थित होते आणि काय ठरले याची लेखी नोंद ठेवावी. मग तीन आठवड्यांनी, आणि पुन्हा दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीनंतर, मुलीला एकटीला विचारावे. पुष्कळदा तेव्हा कळते की जुना ग्रुप शांत झाला आहे आणि तिला वगळून दुसरा निघाला आहे. तसे असेल तर ती नोंद हाती घेऊन त्याच पालकांना पुन्हा बोलवावे, आणि या वेळी मुलीच्या आईंनाही बैठकीला बसवावे.